ताटाची डावी बाजू (गीता १७.७ ते १०)



सतराव्या अध्यायात आपण श्रद्धेचे तीन प्रकार पाहिले. आता भगवंत एकदम जेवणावर येतात. मला हे फार आवडतं. श्रद्धेसारख्या सूक्ष्म विषयानंतर लगेच पुढचा प्रश्न: बरं, तू खातोस काय?

आजचे चार श्लोक नीट वाचले तर एक गोष्ट लक्षात येते. यात पदार्थांची यादीच नाही. भेंडी सात्त्विक, वांगं राजस असलं काही नाही. कांदा-लसणाचं तर नावही नाही. आहेत ती फक्त विशेषणं. सात्त्विक माणसाला आवडणारं अन्न कसं? रसदार, स्निग्ध, पोटात टिकणारं, मनाला रुचणारं. ते काय वाढवतं? आयुष्य, सत्त्व, बळ, आरोग्य, सुख आणि प्रीती. राजस माणसाला आवडतं ते झोंबणारं, आंबट, खारट, फार गरम, कोरडं, जळजळ करणारं, आणि त्याचं फळ म्हणून दुःख आणि शोकासोबत 'आमय' हा शब्द येतो. आमय म्हणजे सरळसरळ रोग. त्यामुळे अध्यात्माच्या पुस्तकात तब्येतीचं काय काम, असं म्हणायला जागा उरत नाही.

हा विषय मी आजच लांबवतोय त्याला कारण आहे. आमच्या शनिवारच्या अभ्यासवर्गातल्या एका मुलीने गेल्या आठवड्यात विचारलं, "दादा, मी कांदा-लसूण सोडून दोन वर्षं झाली. बाहेरून मागवते तेही तसंच बघून मागवते. मग रिपोर्ट असा का आला?" वय २७, हिंजवडीत नोकरी, वाकडला दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट. ऑफिसच्या वार्षिक तपासणीत एचबीए१सी ६.१ आला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा समजतात. घरी आई इन्सुलिनवर आहे, त्यामुळे तिला तो आकडा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, खाणं सुधारा, चाला आणि तीन महिन्यांनी परत या म्हणाले. (तीन महिनेच का? तर हा आकडा साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगतो. दोन दिवस उपाशी राहून त्याला फसवता येत नाही.)

तिचा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांचा आहे. पनीर माखनी, बटर नान आणि वर दोन गुलाबजाम. कांदा नाही, लसूण नाही, हिरवा ठिपका आहे. पण मैदा, साखर, लोणी आणि मीठ भरपूर. याला सात्त्विक म्हणायचं का? श्लोकातल्या कसोटीला लावून पाहा. रात्री साडेदहाला खाल्लेलं हे जेवण बळ वाढवतं की सकाळी छातीत जळजळ? 'विदाही' हा शब्द याच्यासाठीच आहे. कांदा-लसूण सोडणं हा ज्याच्या त्याच्या परंपरेचा नियम आहे, तो जरूर पाळावा. पण तो पाळला की आहाराचा सगळा प्रश्न सुटला, हे गीता कुठे म्हणत नाही.

आता शंकराचार्यांची एक बारीक सूचना बघा, कारण सगळी किल्ली त्यात आहे. राजस आहाराच्या श्लोकात 'अति' हा उपसर्ग फक्त उष्ण या शब्दाला जोडलेला दिसतो. आचार्य भाष्यात सांगतात की तो 'अति' सगळ्यांनाच लावायचा. म्हणजे अति तिखट, अति आंबट, अति खारट. आंबट वाईट नाही, मीठही वाईट नाही. त्यांचा अतिरेक राजस. ज्ञानेश्वर माउली तर इथे आपल्याला हसवतात. त्यांचा राजस माणूस पिठात पाणी ओतावं तसं मीठ घालतो, आणि वाफेवर वात पेटेल इतकं गरम मागतो. सातशे वर्षांपूर्वीचं हे वर्णन वाचून मला तरी आपल्या 'एक्स्ट्रा स्पायसी'वाल्या ऑर्डरी आठवल्या.

हा 'अति' आपल्या आज्यांनी ताटात बसवून ठेवला होता. पारंपरिक मराठी ताट आठवा. वर मध्यभागी मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, आमटी, आणि मध्ये वरण-भात, पोळी. झोंबणारं, आंबट, खारट असं सगळं ताटात आहे! फक्त त्याची जागा ठरलेली आहे आणि माप बोटाच्या पेराएवढं. डाव्या बाजूतली कोशिंबीर तेवढी कितीही घ्या. माझ्या मते आपल्या पिढीचा घोटाळा एवढाच आहे की डावी बाजू ताटाच्या मध्ये येऊन बसली. लोणच्याच्या चवीचे चिप्स हे संध्याकाळचं खाणं झालं, शेझवान चटणी हा भाताचा मुख्य भाग झाला, पापड हा स्टार्टर झाला. आणि पालेभाजी, वरण, उसळ यांना चिमूटभर जागा.

आकड्यांत सांगतो, सवयच आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा, त्यातच स्वयंपाकातलं, लोणच्यातलं, फरसाणातलं सगळं आलं. पाकिटावर मीठ लिहिलेलं नसतं, सोडियम लिहिलेलं असतं, मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणा. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, दिवसाच्या कोट्याचा चाळीस टक्के भाग एका पाकिटात. आणि घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असा आपल्याकडे नियम आहे. 'मल्टिग्रेन' बिस्किटाच्या यादीत पहिला शब्द मैदा आणि दुसरा साखर असेल, तर पुढच्या नाचणी-ओट्सचं कौतुक करत बसू नका.

तेलाची एक सोपी युक्ती. बाटली उघडली त्या दिवशी तिच्यावर मार्करने तारीख लिहा. माणशी रोज चार चहाचे चमचे, म्हणजे सुमारे २० ग्रॅम धरलं, तर दोन माणसांना एक लिटर तेल साधारण तेवीस दिवस पुरायला हवं. तुमच्याकडे बारा दिवसांत संपतंय का? मग कुठे जातंय ते आपोआप दिसायला लागेल. 'स्निग्ध' म्हणजे तेलात पोहणारं नव्हे. वरण-भातावर चमचाभर साजूक तूप, हे स्निग्ध.

आता तिचा दुसरा प्रश्न, आणि तो खरा होता: "साडेआठला घरी पोचते. एकटीसाठी कोण कुकर लावणार?"

यावर मी तिला तिसऱ्या अध्यायातला तेरावा श्लोक काढायला सांगितला. फक्त स्वतःसाठी शिजवणाऱ्याला भगवंत फार कडक शब्द वापरतात, आणि यज्ञात अर्पण करून उरलेलं खाणाऱ्याला मोकळं करतात. मला यात दटावणीपेक्षा सोय जास्त दिसते. एकटं माणूस स्वतःसाठी रांधायचा कंटाळा करतं, पण घरी पाहुणा असला तर करतं. मग देव्हाऱ्यातल्या विठोबाला पाहुणा समजा. त्याला नैवेद्य दाखवायचा तर पाकीट फाडून तसंच ठेववत नाही. निदान मूगडाळीची खिचडी होते. ताटात वाढून, तुळशीचं पान ठेवून दोन मिनिटं थांबलं, की मोबाइल बघत भांड्यातूनच खाणंही सुटतं.

आणि खिचडी म्हणजे तडजोड नाही. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी असतं, ते तांदूळ भरून काढतो. वरण-भात, पोळी-उसळ, इडलीतले उडीद-तांदूळ, भाजणीचं थालीपीठ, सगळीकडे हीच जोडी आहे. फक्त प्रमाण उलटं करा: भात थोडा, डाळ जास्त, आणि अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीचं. साखर काठावर असेल तर हे प्रमाणच मोठं काम करतं.

मटकीचं तर कौतुक करावं तेवढं थोडं. शनिवारी रात्री भिजत घाला, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा, संध्याकाळपर्यंत मोड. मोड आले की लोह अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि क जीवनसत्त्व वाढतं. डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलं की तीन दिवस उसळीची चिंता नाही. वर लिंबू पिळायचं, कारण क जीवनसत्त्वामुळे डाळी-कडधान्यांतलं लोह अंगी लागतं. मात्र जेवणावर लगेच चहा नको, तो तेच लोह अडवतो. तासभर थांबा. विशीतल्या मुलींनी एवढं तरी कराच. ज्वारीची भाकरी थापता येत नसेल तर रडू नका, ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, किसलेली काकडी किंवा मेथी घालून धिरडी घाला. दहा मिनिटांत होतात.

तामस आहाराच्या श्लोकातला 'यातयाम' हा शब्द मात्र ऑफिसवाल्यांना घाबरवतो. शिजून एक प्रहर, म्हणजे तीन तास उलटलेलं अन्न, असा त्याचा प्रचलित अर्थ. मग सकाळी आठचा डबा दुपारी एकला तामस? आचार्य इथे 'अर्धकच्चं' असा अर्थ घेतात, कारण रस गेलेल्या अन्नासाठी श्लोकात वेगळा शब्द आहेच. धर्मशास्त्रातही शिळ्याच्या नियमातून दही आणि स्निग्ध पदार्थांना सवलत आहे. तेव्हा डबा खुशाल न्या. सांभाळायचं ते दुसरं. रात्रीचा भात ओट्यावर तसाच ठेवून सकाळी फोडणीला टाकू नका. भातात काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात, गरम हवेत वाढून विष तयार करतात, आणि ते विष परत परतल्याने जात नाही. पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. मग फोडणीचा भात बिनधास्त.

एक गोष्ट मुलांसाठी. 'घरचं अन्न' असं आपण प्रेमाने म्हणतो तेव्हा बहुतेक घरांत त्याचा अर्थ एक बाई पहाटे साडेपाचला उठली असा असतो. सगळ्यांना गरम वाढून ती शेवटी गार जेवते. 'प्रीती वाढवणारं' हे विशेषण तिच्या ताटालाही लागू आहे ना? कुकरला खाली डाळ, वर तांदूळ, चार शिट्ट्या, हे इंजिनिअरिंगच्या कुठल्याही विषयापेक्षा सोपं आहे. स्वयंपाकाच्या काकू येत असतील तर तेल कमी घाला म्हणून फर्मान सोडण्याऐवजी एक दिवस शेजारी उभे राहा, चमचा दाखवा, आणि भाजी तुम्ही निवडून-चिरून ठेवा.

प्रसादाचं काय, हेही तिने संकोचत विचारलं. वर्गात दर शनिवारी शिरा असतो. सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा, तूप, साखर सारख्याच मापाने, सव्वा-सव्वा घेतात, त्यामुळे वाटीभर शिरा म्हणजे काय ते तुम्हीच मोजा. पण प्रसादाला वाटीचं माप कधी नव्हतंच. तो तळहातावर घेतात, कपाळाला लावतात, तोंडात टाकतात. तेवढाच घ्यावा, आनंदाने घ्यावा. वाढणाऱ्यांनी आग्रह करू नये. या शनिवारपासून आम्ही शिऱ्याच्या वाट्या बंद करून तळहातावर एक चमचा देणार आहोत, आणि सोबत फळं.

आता एकादशी, कारण ती परवावर आली आहे. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण साबुदाणा खिचडीनेच खरी केली. साबुदाणा येतो टॅपिओकाच्या कंदापासून, तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. जवळजवळ नुसता स्टार्च. दाण्याच्या कुटामुळे त्यात काय ती प्रथिनं येतात. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, वरीचे तांदूळ बेताने, ताक, काकडीची कोशिंबीर, एखादं फळ. ज्यांना साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी वगैरे अजिबात करू नये. सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितलंच आहे की योग अति खाणाऱ्याला साधत नाही तसा अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही.

या चार श्लोकांत 'प्रिय' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, तिकडेही बघा. चर्चा आहे ती कोणाला काय आवडतं याची. आणि आवड बदलते. चहातली साखर आठवड्याला पाव चमचा कमी करत गेलात तर महिन्या-दीड महिन्याने जुना चहा तुम्हालाच गोडमिट्ट लागेल. करून बघा आणि मला सांगा.

उद्या अकरावा श्लोक, सात्त्विक यज्ञ. वाचून या. आणि आज झोपण्याआधी मटकी भिजत घाला.