अंधारातल्या प्रवाशाचा मुक्काम कोण ठरवतं?

प्रश्न : ऑक्टोबरात आमच्या कॉलनीकडेच्या झाडीत चिमणीहून लहान, अनोळखी पक्षी दिसतात आणि दोन-तीन दिवसांत नाहीसे होतात. हे पक्षी रात्री प्रवास करतात असं वाचलं. मग अंधारात कुठे उतरायचं हे त्यांना कसं कळतं? आणि दरवर्षी ते त्याच झाडीत येतात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वटवट्या, माशीमार यांसारखे छोटे गाणारे पक्षी बहुतेक करून रात्रीच उडतात. दिवस मावळल्यावर तासाभरात निघतात. तेव्हा हवा गार आणि स्थिर असते, ससाण्यांची भीती कमी असते आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. मात्र ते जागा ‘निवडतात’ म्हटलं की बेत आखून निघालेला प्रवासी आपल्या डोळ्यांपुढे येतो. तसं नसतं. पहिला निर्णय पुष्कळदा वाराच घेतो.

मेक्सिकोच्या आखाताचंच पाहा. वसंतात युकातान द्वीपकल्पावरून संध्याकाळी उडालेले पक्षी हजारेक किलोमीटर पाणी ओलांडून दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या किनाऱ्याला लागतात. वारा पाठीमागून असला तर किनाऱ्यावरच्या झाडीकडे ढुंकूनही न बघता ते आतल्या मोठ्या जंगलांपर्यंत जातात. पण समोरून वारा आणि पाऊस आला, की टेक्सासमधल्या हाय आयलंडच्या ओकच्या राईत थव्यांनी कोसळतात. तिथे अळ्या पुरेशा आहेत का, हा विचार करायला तेव्हा सवड नसते. पायाखाली जमीन आली, एवढंच. (पक्षीनिरीक्षक ज्या दिवसाची वाट बघत बसतात, तो पक्ष्यांच्या दृष्टीने बहुधा वाईट दिवस असतो.)

हवा चांगली असेल तेव्हा मात्र पक्ष्याला खरोखर निवड करता येते. पहाटेच्या उजेडात जंगल, पाणी, उघडं माळरान यांतला फरक वरून दिसतो. आणि कानही कामाला येतात. बाल्टिक समुद्राच्या काठी कुरोनियन स्पिट ही जवळपास शंभर किलोमीटर लांबीची वाळूची चिंचोळी पट्टी आहे. योहानेस थिनेमान यांनी 1901 साली जगातलं पहिलं पक्षी-अभ्यासकेंद्र इथेच काढलं. तिथल्या रशियन संशोधकांनी एक खोडसाळ म्हणावा असा प्रयोग केला आणि तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. बोरूच्या बेटांत राहणाऱ्या वटवट्याचं गाणं त्यांनी रात्री कोरड्या वाळूवर, बोरूची काडीही नसलेल्या जागी, ध्वनिक्षेपकावरून लावलं. तिथल्या जाळ्यांत खरोखरच बोरूतले वटवटे सापडले! आपल्या जातीचं कुणी खाली गातंय म्हणजे जागा राहण्याजोगी असणार, असा त्यांचा हिशेब असावा.

तरीही माझ्या मते खरी निवड होते ती उतरल्यावरच. पहिले काही तास पक्षी झाडी चाचपून बघतो. स्थानिक पक्ष्यांच्या टोळीत मिसळला तर खाणं कुठे आहे ते लवकर कळतं. जागा रिकामी निघाली तर पुढे सरकायचं. किती दिवस राहायचं ते ठरतं अंगावरच्या चरबीवरून. पक्ष्यांच्या पायात कडी घालणारे अभ्यासक छातीवरची पिसं फुंकरीने बाजूला करून, गळ्याखालच्या खळग्यातला पिवळट साठा बघतात. साठा भरलेला पक्षी लवकर निघतो, रोडावलेला थांबतो. चरबीतून, तेवढ्याच वजनाच्या पिष्टमय पदार्थापेक्षा, दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते; म्हणून हेच इंधन. सहारा ओलांडण्याआधी युरोपातला गार्डन वॉर्बलर आपलं वजन जवळजवळ दुप्पट करतो. लांबच्या उड्डाणात आतडी आणि यकृतही आक्रसतात. त्यामुळे उतरल्या उतरल्या खाणं समोर असूनही एखाद-दोन दिवस वजन फारसं वाढत नाही. आधी पचनसंस्था पूर्वपदावर यावी लागते. वाळवंटाच्या कडेची हिरवळ म्हणूनच मोलाची. इस्रायलमधलं एलात हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण.

आपल्याकडे असा थांबा कच्छ. पावसाळा सरताना तिथल्या खुरट्या झाडीत किडे मुबलक असतात, आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत ठिपकेदार माशीमार, लाल पाठीचा खाटीक असे आफ्रिकेला निघालेले पक्षी तिथे पोट भरून घेतात.

अलीकडे या निवडीत विजेच्या दिव्यांनी ढवळाढवळ केली आहे. अमेरिकेतल्या हवामान-रडारच्या नोंदी तपासून 2023 मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार, रात्रीचे प्रवासी कुठे दाटीने उतरतात हे सांगणाऱ्या घटकांत कृत्रिम प्रकाश अगदी वरच्या क्रमांकांत आहे. म्हणजे शहराच्या झगमगाटाने खाली ओढलेला पक्षी सकाळी काचांच्या इमारती आणि मांजरांमध्ये नाश्ता शोधत असतो.

राहिला शेवटचा प्रश्न. वाटेतल्या थांब्यावर तोच पक्षी पुढच्या वर्षी सापडणं विरळाच. वारा दरवर्षी त्याला नेमक्या त्याच झाडीवर आणून सोडत नाही. हिवाळा काढायची जागा मात्र अनेक जण पक्की लक्षात ठेवतात. करडा धोबी तर वर्षामागून वर्षं त्याच अंगणात शेपटी हलवत हजर होतो. तेव्हा तुमच्या झाडीतला पाहुणा दोन-तीन दिवसांत न जाता मार्चपर्यंत टिकला, तर पुढच्या ऑक्टोबरात त्याची वाट बघायला हरकत नाही.