हात वर जातो का?

चि. सोनूस,


काल रात्री वहिनीचा फोन आला. तुमच्या शोच्या तालमीत तुझा ड्रेस घातलेली मुलगी चक्कर येऊन खाली बसली म्हणे. पाठीची झिप उघडायला दोघीजणी लागल्या. ऐकून जीव घाबरला, पण त्याहून लागलं ते तुझं बोलणं. "पाच मिनिटांचा तर रॅम्प आहे, तेवढं सोसवत नाही?" असं तू म्हणालीस, असं वहिनी सांगते. म्हणाली असशील तर फार वाईट बोललीस. नसशील तर लगेच कळव, म्हणजे मला झोप लागेल.

तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. ड्रेस सुंदर आहे, ते आधी सांगते. खांद्यावरून उठलेला तो फोमचा डोंगर मला आवडला. पण काखेपासून छातीकडे आडव्या सुरकुत्या ताणल्यात. मुंढा खूप खाली उतरवला आहेस. खाली घेतला की हाताला मोकळीक मिळते, असं नवशिक्याला वाटतं. होतं उलटं. हात उचलला की अख्खा ड्रेस वर ओढला जातो आणि बरगड्या आवळतात. त्या पोरीचा हात वर जात होता का गं? तू तिला एकदा तरी विचारलंस?

तू म्हणशील, आत्या, रॅम्पवरचे कपडे घालायला नसतातच, ते कल्पना मांडायला असतात. कबूल. "हे कोण घालणार?" असं तुझे बाबा टीव्हीसमोर म्हणतात, तेव्हा मी तुझ्याच बाजूने बोलते. पण कल्पनासुद्धा कुणाच्या तरी अंगावर चढते. 1993 साली पॅरिसला व्हिव्हियन वेस्टवुडच्या शोमध्ये नाओमी कॅम्पबेल उंच बुटांवरून पडली. ते बूट आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत आणि लोक तो किस्सा कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक दिसतं ते फक्त हसत उठलेल्या बाईचं. तुझ्या लाडक्या अलेक्झांडर मॅक्वीनचे 2009 च्या शोमधले ते 'आर्माडिलो' बूट आठव. काही मॉडेल्सनी ते घालायला नकार दिला होता. मला त्या पोरींचा अभिमान वाटतो. आणि मॅक्वीनचं नाव घेतेस, तर तो सॅव्हिल रोमध्ये कोट शिवायला शिकून वर आला होता, हे विसरू नकोस. अंग कुठे वळतं हे त्याच्या हाताला ठाऊक होतं.

रेई कावाकुबोचं तर तूच मला दाखवलं होतंस. 1997 च्या उन्हाळ्यासाठी केलेले ते ड्रेस, पाठीवर, कमरेवर, भलत्याच जागी गाद्या भरलेले. लोक हसले. पण त्याच वर्षी मर्स कनिंगहॅमने तसल्याच कपड्यांत आपले नर्तक नाचवले. सोनू, त्या उशा घालून माणसं उड्या मारत होती! विचित्र दिसायला हरकत नाही, पण आतल्या माणसाला हलता आलं पाहिजे. माझं एवढंच म्हणणं आहे.

2025 च्या जूनमध्ये प्राडाच्या मिलानच्या शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, तेव्हा तू केवढी भांडलीस. करणाऱ्या कारागिराचं नाव का नाही, म्हणून. मी ऐकत होते आणि ऊर भरून येत होता. मग करणाऱ्याची एवढी काळजी असणारी मुलगी घालणारीला कशी विसरली?

जरा जास्तच रागावले का? राग तुझा नाही. आयटीआयला असताना मी एक झगा काढला होता, जमिनीवर लोळणाऱ्या बाह्यांचा. प्रदर्शनात ठेवावा असं मनात होतं. मास्तर म्हणाले, कोण घालणार? मी वही मिटली. नंतर जन्मभर ब्लाउज शिवले, चांगले शिवले, पण तो झगा शिवायचा राहिलाच. आता त्याचा गळा कसा होता तेही आठवत नाही. म्हणून तू असलं काही करतेस तेव्हा मला आत कुठेतरी फार बरं वाटतं. तुझा डोंगर कुणाच्या सांगण्यावरून कापू नकोस. फक्त मुंढा काखेलगत आण, बाहीची गोलाई थोडी उतरव आणि बाही दंडात रुंद कर. मग स्वतः घाल. जिना चढ, पाणी पी, हात वर करून केस बांधून बघ.

शिवणीला आत दाब ठेवला आहेस ना? नसेल तर त्याच कापडाचा तुकडा राखून ठेव, मी काखेत घालून देते. शनिवारी सकाळच्या गाडीने निघतेय. मला पुढची खुर्ची नको, मागे कपडे बदलायच्या खोलीत तुझ्याजवळ राहू दे, सुईदोरा घेऊन.

रात्र रात्र जागतेस, असंही वहिनी म्हणाली. जेवतेस का वेळेवर? शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या आणतेय. त्या मुलीसाठी वेगळ्या बांधते. तिला जाऊन भेट, आणि तिचं नाव मला कळव.

तुझी,
आत्या