खूण आणि शिक्का

पाठाचा विषय: काल्पनिक गुप्त मंडळासाठी चिन्ह तयार करणे
साहित्य: कोरा कागद, पेन्सिल, कंपास, खडू. रंगांची गरज नाही.

मराठीत चिन्हासाठी बरेच शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. संस्थेच्या पाटीवर असते ते बोधचिन्ह. राजाच्या कागदावर उमटते ती मुद्रा. शिवाजी महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी होती. दोघांत ठरलेली असते ती खूण. शिक्का मात्र दोन्हीकडे चालतो. कागद पक्का झाला की त्यावर शिक्कामोर्तब होते, आणि एखाद्याची बदनामी झाली की ‘त्याच्यावर शिक्का बसला’ असेही म्हणतात. खूण माणूस स्वतः ठरवतो, शिक्का बहुधा दुसरा मारतो. हा फरक या पाठात शेवटपर्यंत लक्षात ठेवायचा आहे.

१. चार फुल्या

गोष्टींतल्या गुप्त मंडळांची चिन्हे पाहायची तर इंग्लंडइतकी सोयीची जागा नाही. सर आर्थर कॉनन डॉयल यांची शेरलॉक होम्सची कादंबरी ‘द साइन ऑफ फोर’ 1890 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात एका जुन्या कागदाच्या कोपऱ्यात एक विचित्र खूण आढळते: एका ओळीत चार फुल्या, एकीचे हात दुसरीच्या हातांना टेकलेले. खाली चार नावे. त्यांतला एक इंग्रज, बाकीचे तिघे हिंदुस्थानी.

ही खूण का जन्मली, ते कथेतच सांगितले आहे. 1857 च्या धामधुमीत आग्र्याच्या किल्ल्यात हे चौघे एक खजिना लपवतात. जागेचा नकाशा चौघांसाठी चार प्रतींत काढला जातो आणि प्रत्येक प्रतीखाली हीच खूण केली जाते. चौघांची शपथ अशी की प्रत्येकाने नेहमी सगळ्यांच्या वतीने वागायचे, कोणी एकट्याने फायदा घ्यायचा नाही.

आता खूण पुन्हा पाहावी. चारही फुल्या सारख्या उंचीच्या आहेत, म्हणजे कोणी मोठा नाही, कोणी लहान नाही. हात जुळलेले आहेत, म्हणून मधली एक फुली खोडली तर ओळ तुटते. वेगवेगळी भाषा बोलणाऱ्या चौघांनाही ती सारखीच वाचता येते. तलवार, कवटी, साप यांतले काहीही नाही. त्या मंडळाचा नियम जो आहे, तोच त्याच्या खुणेचा आकार आहे. चांगल्या चिन्हाची पहिली कसोटी हीच.

डॉयल यांच्याच ‘द व्हॅली ऑफ फिअर’ या कादंबरीत मंडळाच्या सभासदांच्या हातावर वर्तुळात त्रिकोण असा डाग दिलेला असतो. कागदावरची खूण फाडून टाकता येते, कातडीवरची जात नाही. खूण कशावर करायची, यातच मंडळाचा स्वभाव दिसतो.

२. दारावर असलेली गुप्तता

लंडनमध्ये ग्रेट क्वीन स्ट्रीटवर फ्रीमेसन लोकांची भव्य इमारत आहे. तिचे बांधकाम 1933 साली पूर्ण झाले. गुण्या आणि कंपास हे त्यांचे चिन्ह. दोन्ही गवंड्याच्या आणि शिल्प्याच्या कामातली साधने. गुण्याने काटकोन तपासतात, म्हणून तो सरळ वागणुकीची आठवण देतो. कंपास ठरावीक मर्यादेत फिरतो, म्हणून तो संयमाची. चिन्ह उघड आहे, येणारा-जाणारा प्रत्येक जण ते पाहतो. आत काय चालते ते मात्र सभासदच जाणतात. चिन्ह लपवलेच पाहिजे असा नियम नाही, हे यावरून कळते.

बेने इस्राएल घरातही अशी एक खूण रोजच्या पाहण्यातली आहे. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझावर बहुधा ‘शिन’ हे एकच अक्षर असते. ते ‘शद्दाय’ या देवाच्या नावाचे पहिले अक्षर. पत्र टाकायला आलेल्या पोस्टमनला ती एक छोटी डबी दिसते. घरच्या माणसाचा हात मात्र येता-जाता तिच्याकडे जातो.

३. कमी रेघा

1958 च्या ईस्टरला लंडनहून ऑल्डरमास्टनकडे अणुबॉम्बविरोधी मोर्चा निघाला. त्यासाठी जेराल्ड होल्टम यांनी एक चिन्ह काढले. झेंड्यांनी संदेश देण्याच्या सेमाफोर पद्धतीत ‘एन’ अक्षरासाठी दोन्ही हात तिरके खाली धरतात. ‘डी’ साठी एक हात सरळ वर आणि एक सरळ खाली. ही दोन अक्षरे, म्हणजे ‘न्यूक्लिअर डिसआर्मामेंट’, एकावर एक ठेवून भोवती वर्तुळ काढले की चिन्ह तयार. एक वर्तुळ आणि आत थोड्या सरळ रेघा. लहान मूलही भिंतीवर खडूने ते काढू शकते. म्हणूनच ते जगभर पसरले, आणि अक्षरे कोणती हे विसरलेल्यांनाही ते ओळखता येते.

४. करून पाहू: घाण्याचे वर्तुळ

समजा, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कोकणातल्या एका गावात काही तेली कुटुंबांनी एक गुप्त मंडळ काढले. (हे मंडळ काल्पनिक आहे. पण कोकणातले बेने इस्राएल तेल गाळत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत, हे खरे आहे.) मंडळाचे काम एवढेच: कोणी परगावाहून रात्री आला, तर कोणत्या दारी हक्काने भाकरी आणि निवारा मिळेल ते त्याला कळावे.

पहिला कच्चा आराखडा बहुतेक वेळा असा होतो: मध्ये मागेन दाविद, वर मेनोरा, खाली तेलाचा थेंब, बाजूला नारळ, भोवती मंडळाचे नाव. यात चुका दोन. एक म्हणजे गर्दी. अंधारात, कोळशाने, घाईत हे काढता येणार नाही. दुसरी म्हणजे गुप्तता उरली नाही. सगळेच सांगून टाकले तर खूण कशाला हवी?

दुसरा आराखडा: फक्त तेलाचा थेंब. सुटसुटीत आहे, पण तो कोणत्याही तेल्याच्या दारावर शोभेल. आतल्या माणसाला त्यात वेगळे काही वाचता येत नाही.

तिसरा आराखडा: एक वर्तुळ. घाण्याभोवती बैल फिरतो ती वाट. वर्तुळावर सारख्या अंतराने सात जागा मोजायच्या आणि सहा जागी आखूड रेघ द्यायची. सातवी जागा मोकळी. बाहेरच्याला वाटेल, घाण्याचे चित्र आहे, कोणीतरी अर्धवट सोडले. आतला माणूस मात्र रेघा मोजतच नाही, तो मोकळी जागा पाहतो. तो शनिवार. काम थांबते ती जागा हीच या मंडळाची ओळख.

इथे रेघ पुसून चिन्ह पुरे झाले, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. चिन्हात काय घालायचे याच्याइतकाच, काय सोडायचे हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

५. दुसऱ्याने मारलेला शिक्का

आता त्याच कामाची दुसरी बाजू. 1218 साली इंग्लंडमध्ये हुकूम निघाला की ज्यूंनी छातीवर पांढऱ्या दोन पाट्यांची आकृती लावून हिंडावे. मोशेने सीनाय पर्वतावरून आणलेल्या दहा आज्ञांच्या पाट्या त्या ह्याच. 1275 च्या कायद्याने पट्टी पिवळ्या फेल्टची ठरली: सहा इंच लांब, तीन इंच रुंद, सात वर्षांवरील प्रत्येकासाठी. 1290 साली राजा पहिला एडवर्ड याने सगळ्याच ज्यूंना देशाबाहेर घालवले. पुन्हा उघडपणे राहायला मिळाले ते 1656 नंतर. 1941 साली नाझी जर्मनीने मागेन दाविदाचे असेच केले.

दोन पाट्या आणि मागेन दाविद ही दोन्ही चिन्हे आदराची. आकार बदलला नाही, काढणारा हात बदलला. खुणेचा शिक्का झाला.

६. कधीच नसलेले मंडळ

काल्पनिक गुप्त मंडळांत सर्वांत घातक ठरलेले मंडळ कादंबरीकाराने लिहिलेले नाही. 1903 साली रशियात एका वर्तमानपत्रातून ‘प्रोटोकॉल्स ऑफ द एल्डर्स ऑफ झायन’ नावाचा मजकूर छापून आला. ज्यू पुढाऱ्यांचे एक गुप्त मंडळ जग ताब्यात घेण्याचा बेत करत आहे, असा त्यात आव होता. 1920 साली त्याचा इंग्रजी अनुवाद लंडनमध्ये निघाला आणि ‘द टाइम्स’नेही त्याची गंभीर दखल घेतली.

पुढच्या वर्षी, ऑगस्ट 1921 मध्ये, त्याच ‘टाइम्स’ने लबाडी उघड केली. कॉन्स्टँटिनोपलचे त्यांचे बातमीदार फिलिप ग्रेव्ह्ज यांना एका रशियन निर्वासिताकडून एक जुने फ्रेंच पुस्तक मिळाले. ते मोरिस जोली यांनी 1864 साली तिसऱ्या नेपोलियनवर टीका म्हणून लिहिले होते. त्यात ज्यूंचा संबंधच नव्हता. ग्रेव्ह्ज यांनी दोन्हींतले उतारे शेजारी शेजारी छापले. चोरी कोणालाही दिसण्यासारखी होती.

तरीही मजकूर थांबला नाही. नाझींनी तो वापरला, आणि आजही तो फिरतो. याला चित्रांनी हातभार लावला. पुढच्या आवृत्त्यांच्या मुखपृष्ठांवर पृथ्वीगोलाला विळखा घालणारा साप किंवा जाळ्यातला कोळी दिसू लागला. पुराव्याचे उतारे वाचायला वेळ लागतो, साप एका नजरेत कळतो. चिन्हाची ताकद ती हीच, आणि ती खोट्याच्याही कामी येते.

म्हणून खेळातल्या दुष्ट मंडळासाठी चिन्ह काढतानाही एक प्रश्न विचारावा: हे चिन्ह खऱ्या जगात कोणाचे आहे? मागेन दाविद, चंद्रकोर, क्रॉस, ॐ अशी कोणाच्याही श्रद्धेची खूण खलनायकाच्या अंगठीवर जाऊ नये. जगाला वेढणारा साप किंवा कोळीही टाळावा; त्यांच्यामागे वरचा इतिहास आहे.

७. काढण्यापूर्वी पाच प्रश्न

१) मंडळाचा नियम एका वाक्यात सांगता येतो का?
२) तो नियम आकारात दिसतो का?
३) दहा मोजेपर्यंत खडूने चिन्ह काढता येते का?
४) बाहेरच्याला एक आणि आतल्याला दुसरे वाचता येते का?
५) कोणाची खूण उसनी घेऊन आपण तिचा शिक्का तर करत नाही ना?

शब्दार्थ

गुण्या: काटकोन तपासण्याचे साधन
घाणा: तेल गाळण्याचे यंत्र, पूर्वी बैल जुंपून चालवत
आव: खोटा देखावा
विळखा: भोवती घातलेला वेढा
खूणगाठ बांधणे: मनात पक्के ठरवून ठेवणे

प्रश्न

१) चार फुल्यांची खूण चौघांच्या शपथेशी कशी जुळते?
२) घाण्याच्या वर्तुळातली मोकळी जागा भरली, तर काय हरवेल?
३) ‘खूण’ आणि ‘शिक्का’ यांतला फरक 1275 च्या कायद्यावरून स्पष्ट करा.
४) ‘टाइम्स’ने चूक उघड केल्यावरही खोटा मजकूर का टिकला असावा? वर्गात चर्चा करा.

कृती

दोघादोघांच्या जोड्या कराव्यात: एक तरुण, एक वडीलधारे. तरुणाने वडीलधाऱ्यांना विचारावे की घरात, गावात किंवा प्रार्थनामंदिरात अशी कोणती खूण होती जी फक्त आपल्याच माणसांना कळे. एखादी शीळ, दाराला बांधलेली वस्तू, आडनावातले गाव, मलिद्याच्या ताटातली मांडणी, काहीही चालेल. त्या आठवणीवरून एक काल्पनिक मंडळ ठरवावे आणि त्याची खूण काढावी. कागदावर मंडळाचे नाव लिहू नये. पुढच्या वर्गात कागद अदलाबदल करून इतरांनी ती वाचून दाखवावी. ज्यांची खूण वडीलधाऱ्यांनी ओळखली आणि बाकीच्यांना साधे चित्र वाटली, त्यांचे काम उत्तम झाले असे समजावे.