बँकांवरील सरकारी नियंत्रण आणि आपला विकास

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९७७ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला : बँक असलेल्या ठिकाणी एक नवी शाखा हवी, तर बँक नसलेल्या चार ठिकाणी शाखा उघडा. तो १९९० पर्यंत चालला. केवळ नफा पाहणारी बँक मुलचेऱ्यासारख्या जंगलभागाकडे सहसा वळत नाही. हा नियंत्रणाचा लाभ होय.

दुसरी बाजूही पाहू. १९९१ मध्ये ठेवींच्या दर १०० रुपयांतील ५० हून अधिक रुपये राखीव निधी व सरकारी रोख्यांत अडकत. शेती-उद्योगाला उरलेलेच मिळे.

म्हणून केवळ शाखा पुरेशी नाही. आपल्या ठेवींतून आपल्याच भागात किती कर्ज वाटले, हे विद्यार्थ्यांनी विचारावे, असे आम्हांस वाटते.