तीन उशा

मिरज, २ डिसेंबर

चि. सौ. मृदुला हिस,



काल ताईचा फोन आला होता. ऑपरेशनचं काही ठरत नाही, घरात रोज त्याच्यावरून बोलणं होतं आणि तू मात्र गप्प असतेस, असं म्हणाली. फोनवर बोलले तर तू ‘हो मावशी, बरं मावशी’ म्हणून ठेवून देशील. म्हणून लिहायला बसले.

दिवाळीत तू इथं आलीस तेव्हा तीन उशा घेऊन झोपलीस. गेल्या वर्षी दोन होत्या. रांगोळी काढताना दोनदा पाटावर टेकलीस, आकाशकंदील लावायला गच्चीवर दुसऱ्या कोणाला पाठवलंस. मी विचारलं तर म्हणालीस, मला काही त्रास नाही. तू खोटं बोलत नव्हतीस हे मला ठाऊक आहे. दम लागेल असं एकेक काम आपण सोडत जातो, मग दम लागत नाही, आणि आपल्याला वाटतं की बरं चाललंय. मीही असंच केलं होतं. शुक्रवारी डॉक्टर ‘त्रास होतो का’ विचारतील तेव्हा नुसतं ‘नाही’ म्हणू नकोस. दोन वर्षांपूर्वी काय काय करत होतीस आणि आता त्यातलं काय सोडलंस ते सांग. उशा किती लागतात तेही सांग.

आपल्या दोघींचा आजार एकच. लहानपणी घसा दुखून ताप येतो, तो अंगावर काढला जातो, मग सांधे सुजतात, आणि सांधे बरे झाले तरी हृदयाच्या झडपेवर वण राहतो. मायट्रल झडपेची वाट चांगल्या माणसात चार ते सहा चौरस सेंटिमीटर असते. तुझी ती, फुगा फुगवून रुंद करण्याआधी, म्हणजे बलूनआधी, एकाच्याही खाली गेली होती. बलूनने सात वर्षं चांगली गेली. आता ती पुन्हा आवळली आहे आणि गळतेही आहे, म्हणून दुसऱ्यांदा बलून नको असं डॉक्टर म्हणतात. गळती मोठी असली की बलूनने ती आणखी वाढते, त्यामुळे त्यांचं म्हणणं मला पटतं.

माझ्यावर १९८८ साली, सतराव्या वर्षी, पहिलं ऑपरेशन झालं. तेव्हा डाव्या बरगड्यांमधून जाऊन, हृदय चालू असतानाच, बोटानं आणि डायलेटरनं झडप उघडत. तो वण तू लहानपणी पाहिला आहेस, ‘मावशी, तुला इथं कोणी चावलं का’ म्हणून विचारलंही होतंस. दुसरं ऑपरेशन २००१ साली झालं, त्या वेळी झडपच बदलली. त्या दुसऱ्या ऑपरेशनबद्दल तुला जे सांगायचंय ते ताईलाही मी कधी नीट सांगितलेलं नाही.

कुठली झडप बसवायची हे माझ्याशी कोणी बोललंच नाही. तुझे काका, माझे सासरे आणि डॉक्टर असे तिघं व्हरांड्यात उभे राहिले आणि ठरलं. मी आत खाटेवर होते, दार उघडं होतं, बोलणं अर्धवट ऐकू येत होतं. कोणाच्या मनात वाईट काही नव्हतं. मला ताण नको, एवढीच सगळ्यांची इच्छा. शुद्धीवर आल्यावर दोन दिवसांनी रात्री वॉर्ड शांत झाला तेव्हा छातीतून टिक टिक ऐकू आली आणि मला कळलं की धातूची झडप बसली आहे. रक्त पातळ करायची गोळी आयुष्यभर घ्यायची, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहिलं होतं. या गोळीवर असताना मूल राहिलं तर काय, हे कुठंच लिहिलं नव्हतं आणि कोणी बोललंही नाही. पुढच्या वर्षी मला दिवस गेले. दहाव्या आठवड्यात पडलं. तेव्हा एका बाईंनी मला पहिल्यांदा समजावून सांगितलं की ही गोळी, म्हणजे वॉरफेरिन, वारेतून बाळापर्यंत जातं, आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात त्याचा धोका सगळ्यात जास्त. माझं त्याच्यामुळेच पडलं असं छातीठोक कोणी सांगू शकत नाही. पण मला आधी कळलं असतं तर मी आधी विचारलं असतं. नंतर आम्ही पुन्हा प्रयत्न केला नाही. तुझ्या काकांची हिंमत झाली नाही, आणि माझीही.

म्हणून मृदुला, माझं पहिलं मागणं हे की व्हरांड्यात काही ठरू देऊ नकोस. डॉक्टरांसमोर खुर्चीवर तू बस, बाकीचे मागं बसू देत. लग्नाला वर्ष झालंय, मूल हवंय, हे तुझ्या तोंडून पहिल्याच मिनिटाला येऊ दे. लाजू नकोस. झडप निवडताना ती गोष्ट टू-डी इकोच्या आकड्यांच्या बरोबरीनं धरावी लागते.

आता झडपांचं. सर्वांत आधी विचार की माझी स्वतःची झडप दुरुस्त होईल का. झाली तर उत्तमच. पण आपल्या आजारातली झडप जाड आणि आखडलेली असते, दुरुस्ती दर वेळी जमत नाही आणि जमली तरी कायमची टिकेलच असं नसतं. हे काम ज्याच्या हातून नेहमी होतं त्याच्याकडेच ते करावं. ‘वर्षाला अशा किती दुरुस्त्या तुम्ही करता’ असं सरळ विचार. चांगला सर्जन या प्रश्नानं रागावत नाही.

धातूची झडप टिकते. माझी चित्रा आहे, तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बनवलेली. आधीची मॉडेलं एकामागून एक टाकून द्यावी लागली, तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि ६ डिसेंबर १९९० ला पहिल्या रुग्णाला ती बसली. परदेशी झडप परवडत नव्हती अशा लाखभराहून जास्त माणसांना ती मिळाली, त्यातली मी एक. चोवीस वर्षं झाली, झडपेनं मला कधी दगा दिला नाही. चूक झाली ती गोळीत.

ते असं झालं. अक्कलदाढ काढायची होती. दात काढणारे म्हणाले, गोळी आठ दिवस बंद ठेवा, रक्त थांबणार नाही. मी हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता ती बंद ठेवली. दाढ निघाली, गोळी सुरू केली, सगळं ठीक वाटत होतं. चौथ्या रात्री तुझे काका अंधारात म्हणाले, तुझं घड्याळ ऐकू येत नाही गं. मी श्वास रोखून ऐकलं. रोजची टिक अशी स्वच्छ असते, बांगडी कपाला लागावी तशी. त्या रात्री कापडात गुंडाळल्यासारखी, दबलेली येत होती. पहाटे दवाखान्यात नेलं. झडपेवर गुठळी धरली होती, चकती अर्धीच हलत होती. गुठळी विरघळवायचं औषध शिरेतून चालू केलं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आवाज मोकळा झाला. हात, पाय, वाचा शाबूत राहिली हे माझं नशीब.

धातूची झडप घेतली तर हे रोजचं आहे. गोळी ठरल्या वेळी, महिन्याला रक्ताची तपासणी, मायट्रलसाठी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, साधारण अडीच ते साडेतीनच्या मध्ये. माझ्या वहीत चोवीस वर्षांचे आकडे आहेत. मेथी-पालक खायची मनाई नसते, पण एक आठवडा रोज आणि पुढचा आठवडा अजिबात नाही असं केलं की आकडा हलतो. नवरात्रातले नऊ दिवस उपास धरलेस तरी हलतो. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणून घ्यायची नाही. पाळीच्या वेळी अंगावरून जास्त जातं, आणि हे पुरुष डॉक्टर आपणहून विचारत नाहीत, आपण सांगावं लागतं. तपासणीची कटकट नसलेल्या नव्या गोळ्या निघाल्यात, त्या घेऊ का असं तू विचारशील. धातूच्या झडपेवर त्या चालत नाहीत. त्यातल्या डॅबिगॅट्रानची चाचणी अशा रुग्णांवर मधेच थांबवावी लागली, गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही.

या झडपेवर मूल होतच नाही असं नाही. कितीतरी जणींना झालंय. वॉरफेरिनचा डोस दिवसाला पाच मिलिग्रॅम किंवा कमी असेल तर बाळाचा धोका घटतो, पुरता जात नाही. काही आठवडे गोळीऐवजी हेपॅरिनची इंजेक्शनं देतात, त्यात बाळ सुरक्षित पण झडपेला धोका. म्हणजे दोन्हीकडून तोलत नऊ महिने काढायचे, आणि तेही हृदयाचे डॉक्टर आणि बाळंतपणाचे डॉक्टर एकमेकांशी बोलणारे असतील तरच.

दुसरी झडप टिश्यूची. तिला सुरुवातीचे तीनेक महिने गोळी, नंतर बहुतेक वेळा नाही. बाळंतपण त्या मानानं सोपं. पण ती झिजते, आणि तरुण शरीरात लवकर झिजते. दहा वर्षं, कधी थोडी जास्त, कधी कमी. मग छाती पुन्हा उघडायची, आणि दुसऱ्यांदा उघडणं पहिल्यापेक्षा अवघड असतं. मांडीतून नळी घालून जुन्या झडपेत नवी बसवायचं तंत्र आलं आहे, पण ते खर्चिक आहे आणि प्रत्येकाला लागू पडत नाही. त्याच्या भरवशावर आजचा निर्णय घेऊ नकोस.

इथं एक गोष्ट फार जणींच्या ध्यानात येत नाही. तुझे ठोके नियमित आहेत का, हे विचार. डावा कप्पा फुगून ठोके कायमचे अनियमित झाले असतील तर टिश्यूची झडप बसवूनही रक्त पातळ करायची गोळी चालूच ठेवावी लागते. मग जिच्यासाठी ती झडप घ्यायची ती सोयच राहत नाही, झिजणं तेवढं वाट्याला येतं.

तुझ्या सासूबाईंचं ताईनं सांगितलं. टिश्यूची झडप गाईच्या हृदयावरच्या आवरणाची किंवा डुकराची असते हे कळल्यापासून त्या जेवल्या नाहीत म्हणे. त्यांना हसू नकोस आणि त्यांच्यापासून लपवूही नकोस. जवळ बसून समजावून सांग. देवघरात त्यांनी आयुष्य काढलं आहे, त्यांचं दुःख खरं आहे. पण छाती तुझी आहे. तुझ्या स्वतःच्या मनाला ते लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांग, त्यात मागासपणा काही नाही. लागत नसेल तर दुसऱ्याच्या मनासाठी झडपेची निवड बदलू नकोस.

पैशांचं ताईला टेन्शन आहे. महात्मा फुले योजनेत झडपेचं ऑपरेशन बसतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला भेटा, आधी कुठं पैसे भरू नका.

मला विचारशील, मावशी, तू काय घेतलं असतंस? तुझ्या जागी, तुझ्या वयाची, मूल हवं असलेली आणि ठोके नियमित असलेली मी असते, तर दुरुस्ती होते का ते आधी पाहायला लावलं असतं. ती नाही जमली तर टिश्यूची झडप घेतली असती, मुलं लवकर होऊ दिली असती, आणि दुसरं ऑपरेशन येणारच हे आजच नवऱ्याला बजावून ठेवलं असतं. ठोके बिघडलेले असते किंवा मूल नको असतं, तर धातूची. हे माझं मत झालं. छाती उघडल्यावर सर्जनला आत काय दिसतं त्यावरही काही असतं, म्हणून ‘दुरुस्ती झाली नाही तर कुठली’ हे संमतीच्या कागदावर सही करण्याआधी तुझ्या शब्दांत त्यांना सांगून ठेव.

आणि थांबू नकोस. बरं वाटेल मग करू, असं या आजारात होत नाही. घाईघाईत, पाणी भरलेल्या फुप्फुसांनी टेबलावर गेलेल्या बायका मी शेजारच्या खाटांवर पाहिल्या आहेत. तू चालत जा. मूल आधी आणि ऑपरेशन नंतर, असं कोणी सुचवलं तर तिथंच नाही म्हण. दिवस गेले की अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, तुझ्या आताच्या झडपेतून ते जाणार नाही.

दातांचं काम उरलं असेल तर ऑपरेशनआधी उरकून घे, आणि तो घशाचा ताप पुन्हा येऊ नये म्हणून घेतेस ते पेनिड्युअरचं इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी चालू ठेव. झडप बदलली तरी ते आपोआप बंद होत नाही, कधी बंद करायचं ते डॉक्टर सांगतील. तुला ते फार दुखतं मला माहीत आहे.

भीती वाटते का, असं मी विचारणार नाही. मला दोन्ही वेळा वाटली होती. दुसऱ्या वेळी एक आया माझे केस विंचरून दोन वेण्या घालून गेली, थिएटरमध्ये जाईपर्यंत मी त्या वेण्या हातात धरून होते.

वही पाठवत नाही, घेऊनच येते. गुरुवारी कोयना एक्स्प्रेसनं निघते, शुक्रवारी तुझ्याबरोबर आत येईन आणि तू सांगितलंस तरच बोलेन. स्टेशनवर घ्यायला येऊ नकोस, तिथला पूल तुला चढायचा नाही. मी रिक्षा करून घरी येते.

तुझी,
मावशी