झोळीतली झोप आणि सोबतचा कुत्रा

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या कोथरूडच्या दवाखान्यात एका सोमवारी संध्याकाळी बावीस वर्षांचा एक मुलगा ताप घेऊन आला. ताप १०३, डोके ठणकत होते, अंग मोडून आले होते. त्या आठवड्यात फ्लूचे रुग्ण बरेच होते. मी पॅरासिटामॉल लिहून दिले, पाणी भरपूर पी म्हणून सांगितले आणि त्याला घरी पाठवले.

तिसऱ्या दिवशी आई त्याला घेऊन परत आली. ताप उतरला नव्हता आणि अंगावर लाल पुरळ उठले होते. ‘डॉक्टर, तळहातावर आणि तळपायावरसुद्धा आहे बघा,’ असे ती म्हणाली तेव्हा मी सावध झालो. तळव्यांवर पुरळ उठवणारे ताप थोडेच असतात. मग जो प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता तो विचारला, ‘गेल्या दोन आठवड्यांत कुठे बाहेर मुक्काम केला होतास का?’

केला होता. पौड रस्त्याने मुळशीच्या बाजूला मित्रांबरोबर गेला होता. दोन झाडांना कापडी झोळी बांधून रात्र काढली. घरचा कुत्राही बरोबर होता. थंडी वाजते म्हणून पहाटे त्याला झोळीतच घेतले. दुसऱ्या दिवशी मानेवर चिकटलेली गोचीड नखाने उपटून फेकली आणि विसरून गेला.

हा गोचीड-ताप. कुत्र्याच्या अंगावरच्या तपकिरी गोचिडीतून रिकेट्सिया नावाचे जंतू माणसाच्या रक्तात जातात. साधारण आठवड्याभरात ताप येतो, मग पुरळ. डॉक्सिसायक्लिन या जुन्या, स्वस्त औषधाने बहुतेक रुग्ण दोन-तीन दिवसांत सुधारतात. पण उशीर झाला तर मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू यांवर परिणाम होऊन जीव जाऊ शकतो. रक्ताच्या तपासणीला पाठवून मी औषध त्याच दिवशी सुरू केले आणि मुलगा बरा झाला. दोन दिवस वाया गेले ते मात्र माझ्या न विचारण्याने. म्हणून वाचकांना पहिली विनंती अशी, की बाहेरून आल्यावर तीन आठवड्यांच्या आत ताप आला, तर कुठे गेला होता आणि बरोबर कोण होते हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा. आपल्या मनाने मात्र औषध घेऊ नका.

झोळी वाईट नाही

झोळी आपल्याला नवी नाही. ऊसतोड कामगारांची तान्ही मुले फडाच्या कडेला झोळीतच झोपतात. मेंढपाळ धनगरांचे कुत्रे रात्रभर वाड्याभोवती जागतात. शहरातल्या मुलांना आता याची हौस आली आहे आणि त्यात एक मोठा फायदाही आहे. मण्यार हा साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका बारीक की पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखते, उलटी होते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. झोळीत झोपलेला माणूस या धोक्यापासून बराच लांब राहतो. मात्र रात्री खाली उतरताना बॅटरी लावूनच पाय टेकावा आणि बूट झटकून घालावेत, कारण त्यात विंचू शिरतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरात आणल्यापासून असंख्य प्राण वाचले आहेत, पण रुग्ण वेळेवर पोचला तरच.

झोळी बांधताना झाड जिवंत आणि जाड पाहावे. वर वाळकी फांदी किंवा मधमाश्यांचे पोळे नाही ना, हे उजेड असताना बघावे. आग्या मोहोळ धुराने बिथरते, म्हणून जवळ शेकोटी नको. झोळी खुर्चीच्या उंचीपेक्षा वर बांधू नये. पडून मनगट मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. सरळ न झोपता किंचित तिरके झोपावे, म्हणजे पाठ वाकत नाही. थंडी खालून लागते, कारण अंगाखाली दबलेले पांघरूण ऊब धरत नाही. पाठीखाली घडीची सतरंजी किंवा फोमची चटई घालावी. डास पातळ कापडातूनही चावतात, तेव्हा मच्छरदाणी हवीच.

कुत्र्याचे काय?

कुत्र्याला झोळीत घेऊ नये आणि झोळीलाही बांधू नये. रात्री एखादे जनावर दिसले की तो हिसका देतो आणि मालक खाली येतो. त्याला वेगळ्या झाडाला, आखूड साखळीने, स्वतःच्या अंथरुणावर बांधावे. मोकळा कुत्रा सापाच्या अंगावर धावतो.

जुन्नर, अकोले या भागांत तर आणखी विचार करावा. अकोल्याच्या शेतशिवारातल्या बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी झाली तेव्हा त्यांच्या आहारात सर्वांत जास्त वाटा पाळीव कुत्र्यांचा आढळला. अशा ठिकाणी झोळीखाली कुत्रा बांधणे म्हणजे बिबट्याला आपल्याजवळ बोलावणे. तिथे कुत्रा घरीच ठेवावा. अभयारण्यात तर तो नेऊच नये.

निघण्यापूर्वी पशुवैद्यकांकडून गोचिडीचे औषध लावून घ्यावे आणि रेबीजची लस दिलेली आहे ना, हे पाहावे. गावातले कुत्रे नव्या कुत्र्यावर धावून येतात. ती भांडणे सोडवताना हात मध्ये घालू नये. चावा बसलाच, अगदी घरच्या कुत्र्याचा असला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हळद, चुना लावू नये. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपाय जवळजवळ उरत नाही.

परत आल्यावर कुत्र्याचे कान, बोटांमधल्या फटी आणि पट्ट्याखालची जागा तपासावी. स्वतःच्या काखा, जांघा, कानामागची जागाही बघावी. गोचीड चिकटली असेल तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावी. तिला चटका देऊ नये, रॉकेल लावू नये, नखाने चिरडू नये. नंतर जागा साबणाने धुवावी. गोचिडीला हलके समजू नका. १९५७ मध्ये कर्नाटकात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोचिडीमुळेच पसरतो आणि २०१६ मध्ये त्याने आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात माणसे आजारी पाडली.

साप चावल्याची नुसती शंका आली, तरी जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे नको. हातपाय न हलवता १०८ क्रमांकाला फोन करावा आणि प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. ते जवळ कुठे आहे, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे.

तो मुलगा या पावसाळ्यानंतर पुन्हा जाऊन आला. दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात येऊन म्हणाला, ‘डॉक्टरकाका, ताप नाही, पण अंग तपासून घेतलंय, कुत्र्याचंही.’ एवढे सर्वांनी केले तरी पुष्कळ.