भाताचा तरवा व बुरशींतील जंतु

भाताच्या तरव्यास होणाऱ्या एका रोगांत मुळें लांब न वाढतां फुगतात व रोप मरतें. रायझोपस नांवाची बुरशी हें त्याचें कारण होय. या बुरशीपासून जपानी शास्त्रज्ञांनीं १९८४ सालीं रायझॉक्सिन हें विष वेगळें काढलें. त्यानें मुळांतील पेशींचें विभाजन थांबतें.

परंतु विष करणारा निराळाच आहे. जर्मनींतील येना येथें पार्टिडा-मार्टिनेझ व हर्टवेक यांनीं २००५ सालीं दाखविलें कीं, बुरशीच्या तंतूंच्या आंत सूक्ष्म जंतु राहतात व तेच विष तयार करतात. जंतुनाशक औषधानें त्यांस मारलें असतां बुरशी जगते, पण विष होत नाहीं. पुढें २००७ सालीं असेंही आढळलें कीं, जंतूंवांचून तिला बीजाणु धरत नाहींत. जंतु परत घातले म्हणजे ते पुन्हा धरूं लागतात. या बीजाणूंतूनच जंतूंची पुढील पिढी पसरते. जंतूंस आश्रय मिळतो, बुरशीस विष व संतति मिळते, आणि मेलेल्या रोपावर दोघांचाही निर्वाह चालतो.

यावरून कोणी प्रयोगशाळेंतील औषध तरव्यावर ओतण्याची घाई करूं नये. निरोगी बीं, बीजप्रक्रिया आणि रोपांच्या पेट्यांची स्वच्छता हेच शेतकऱ्याच्या हातांतील उपाय होत. बीजाणु पेटींत शिरलाच नाहीं, तर त्याच्या आंतील जंतुही शिरत नाहीं. एका दक्षतेनें दोन शत्रु दाराबाहेर राहतात.